भरल्या घरचा पाळणा

एकदा एका तालुक्याच्या जुन्या बाजारात वापरलेल्या घरसामानाचा एक वृद्ध व्यापारी होता. कपाटे, पाट, घंगाळी, शिलाई यंत्रे, जे जे लोकांच्या घरातून निघे ते तो विकत घेई, पुसून-दुरुस्त करून पुन्हा विकी. सारा बाजार त्याला आदराने आबा म्हणे. आबांच्या हाताखाली एक तरुण धंदा शिकत होता. मोठा चलाख गडी! गिऱ्हाइकाला काय ऐकायचे आहे, हे त्याला ते उंबऱ्यावर असतानाच कळे.

एके दिवशी आबांनी एक सागवानी पाळणा आणला. एका जोडप्याने तो हौसेने करून घेतला होता. वर्षे लोटली, मूल झाले नाही, आणि अखेर डोळ्यांसमोर नको म्हणून त्यांनी तो विकायला काढला. हे सारे आबांनी शिष्याला सांगितले होते.

पुढे आबा माल पाहायला गेले असता दुकानात एक आजी आली. तिच्या सुनेची दोन बाळे जन्मल्यावर लवकरच गेली होती. आता तिसरे झाले होते आणि बारसे तोंडावर आले होते.

"नवा नको रे बाबा," ती म्हणाली. "लेकरं खेळून मोठी झाली, अशा घरचा दे. हा कुणाकडचा?"

आपल्याकडे असा पाळणा मुद्दाम मागून आणतात, हे तरुणाला ठाऊक होतेच. तो झटकन म्हणाला, "आजी, चार पोरं वाढलीत यात! एकजात धट्टीकट्टी. भरल्या घरचा आहे, म्हणून तर भाव जास्त." आजीने घासाघीस केली नाही. पाळण्याला हात लावून तिने नमस्कार केला आणि तो घरी नेला.

आबा परतल्यावर तरुणाने हे मोठ्या खुशीत सांगितले. शाबासकी मिळेल अशी त्याची खात्री होती. आबांनी फक्त आजीचे घर कुठे ते विचारले, आणि त्याला हातगाडी घेऊन आपल्या घरी चल म्हणाले.

घरी त्यांचा नातू पाळण्यात झोपला होता. आबा पाळणा सोडवू लागले.

"अहो मामंजी, आत्ताच डोळा लागलाय त्याचा!" सून म्हणाली.

"ठाऊक आहे, बाई. घे त्याला."

म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर आहे ना, असे मनात म्हणत तरुणाने गाडी ओढली.

आजीच्या दारात आबांनी हात जोडले. "आमच्याकडून भलताच पाळणा आला. तुमचा हा. माझी तिन्ही मुलं यात वाढली, आत्तापर्यंत नातू झोपला होता." पाळण्याच्या कडेला पोरांच्या दातांचे व्रण होते. बाळंतीण दारापर्यंत आली. त्या व्रणांवरून तिने बोट फिरवले आणि तिला रडू कोसळले.

पहिला पाळणा गाडीवर घालून दोघे निघाले. तरुणाला राहवेना. "आबा, या पाळण्यात वाईट काय होतं?"

"काहीच नाही. वाईट असतं तर माझ्या नातवासाठी घरी नेला असता का?" आबा म्हणाले. "पण तू पाळण्याचे पैसे घेतलेस आणि वर एका शब्दाचेही घेतलेस. नव्या वस्तूबरोबर कारखान्याची हमी येते. आपल्या मालाबरोबर काय जातं? आपला शब्द, बस्स. रात्री बाळ जरा कण्हलं की ती पोर त्या शब्दाला घट्ट धरून बसणार होती. ज्याचे पैसे घेतले, तो माल पोचवायला नको?"

तरुणाची मान खाली गेली. एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

घरी येऊन त्याने स्वतःच पाळणा टांगला. आबांची सून बाळाला कडेवर घेऊन जवळ आली.

"छान आहे हो. कुणाच्या घरचा?"

तरुणाने आबांकडे पाहिले. आबा हातपाय धूत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"ज्या घरात मूल झालं नाही, त्या घरचा आहे, वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "हा अजून एकदाही हललेला नाही."

"किती वाट पाहिली असेल गं बाईनं!" असे पुटपुटत तिने बाळाला त्यात निजवले आणि पहिला झोका दिला.