तळ्यातलं गवत

विळे आणि डोंगे बोलायचे त्या काळची गोष्ट. एका मोठ्या तळ्यावर फुलवंता लाकडी डोंग्यातून मासे धरून पोट भरायची. पाणी नितळ दिसावं म्हणून तिने तळ्यातलं सगळं गवत विळ्याने कापून टाकलं. पुढच्या वर्षी जाळं रिकामं येऊ लागलं.

“मासे गेले कुठे?” विळ्याने विचारलं.

“त्या गवतातच अंडी घालायचे ना ते,” म्हातारा डोंगा म्हणाला.

फुलवंताने शेजारच्या तळ्यातून गवत आणलं आणि कमरेभर पाण्यात उभं राहून चिखलात रोवलं.

दोन वर्षांनी जाळं माशांनी जड लागलं. तिने आधी तळ्याला हात जोडले. जाळ्यात मुळासकट गवताचं एक रोप अडकलं होतं. सवयीने तिचा हात विळ्याकडे गेला.

“मी नको, बाई,” विळा म्हणाला. “हातानेच सोडव, आणि परत लाव.”