कोळ्याचा फुकट धागा

फुकट मिळालेल्या दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, हे तुम्ही कधी पाहता का?

फार पूर्वी एका माळावर दवंडी देण्याचे काम देवाने भुंग्याकडे सोपवले होते. कोणत्या झाडाला फुलोरा आला, हे तो फुलपाखरांना दारोदार जाऊन सांगे. एकदा कोळी म्हणाला, "भुंगेराव, पंख कशाला झिजवता? घरोघर माझा धागा बांधून देतो. तुम्ही बसल्या जागी झाडाचे नाव गुणगुणा, सगळ्यांना पोचेल."

"आणि मोल?"

"तुमच्याकडून मोल घेईन का मी?"

भुंगा सुखावला. पण तो ज्या झाडाचे नाव घेई, तिथे गेलेली काही फुलपाखरे परतेनात. प्रत्येक नाव धाग्यावरून आधी कोळ्याला कळते, हे भुंग्याला उमगले. त्याची झोप उडाली, तरी धागा सुटेना. "वाऱ्याने भरकटली असतील," असे तो मनाला समजावत राहिला.

अखेर शेवरीच्या झाडावर पंखांनी भरलेले जाळे सापडले. मुंग्यांच्या पंचांनी विचारले, "तुला हे केव्हा कळले?" "पहिली काही परतली नाहीत, तेव्हाच," भुंगा म्हणाला.

पंचांनी त्याचे काम काढून घेतले. तत्पूर्वी त्याला एक शेवटची दवंडी द्यावी लागली: जी परतली नाहीत त्यांच्या घरोघरी जाऊन, स्वतःच्या तोंडाने.