साकवाच्या मधोमध

"...मग पहिलं घेऊ की दुसरं, बुवा?"

निरंजनबुवा ओढ्याकाठी बसून नव्या साकवाच्या गाठी चाचपत होते. पाऊस सरला की ओढा ओलांडायचा मठाचा हा साकव दरसाल नव्याने बांधला जाई. पोफळीचे सोट आणि दोर, एवढंच. लोकांसाठी खुला करण्याआधी त्यावरून बुवांनी एकदा जायचं, ही मठाची रीत.

विघ्नेशने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मठाच्या नेत्रशिबिराची नावनोंदणी पुढच्या आठवड्यात वेबसाइटवर सुरू होणार होती. गेल्या साली एकदम गर्दी झाली आणि त्याने बनवलेली वेबसाइट बसली. वरच्या वाडीतल्या सत्यभामाआजींचं नाव राहून गेलं. शस्त्रक्रियाही राहिली. आता त्यांना जवळच्या माणसाचा चेहराही ओळखू येत नव्हता. तेव्हापासून विघ्नेश त्यांच्या दारावरून जायचं टाळत होता.

म्हणून यंदा त्याने वेबसाइटवर खोटी गर्दी पाठवून तिचं बळ तपासणारी तीन टूलं जमवली होती. त्यांपैकी एकाच्या भरवशावर नोंदणी सुरू करायची होती. त्यातल्या दोन टूलांनी हजारो खोटी माणसं सोडली, तरी वेबसाइट हलली नाही. हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली.

"आणि तिसरं?"

"ते भलतंच आहे, बुवा. त्याची माणसं सरळ वागतच नाहीत. अर्ज अर्धा भरून थांबतात, तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात, मागे फिरतात..."

"मग?"

"वेबसाइट बसते."

"म्हणून ते नको."

"असल्या वागण्याला काही अर्थ आहे का, बुवा?"

बुवा हसले. "चल," म्हणाले, आणि साकवावर चढले.

विघ्नेश मागोमाग निघाला. दोघं सरळ चालत होते तोवर साकव गुमान होता.

मधोमध बुवा थांबले. वाकून पाण्यातले मासे बघू लागले. मग काठी काठावरच राहिल्याचं आठवल्यासारखे वळले. पुन्हा पुढे... पुन्हा मागे, ते थेट विघ्नेशच्या अंगावर. सोट कुरकुरले. एक गाठ सरकली.

"बुवा, मधेच थांबू नका. सरळ पलीकडे चला ना."

"सत्यभामा कशी जाते रे साकवावरून?"

विघ्नेशच्या डोळ्यांपुढे आजी आल्या. पायाने सोट चाचपणाऱ्या. मधेच थांबणाऱ्या. मागे वळून, कुणी आहे का गो, म्हणून विचारणाऱ्या...



बुवांनी पाय रोवले आणि अंग हेलकावत साकव झुलवायला सुरुवात केली. दुसरी गाठही सुटत आली. खाली घोटाभर पाणी खळखळत होतं.

"बुवा, पडेल हा."

"पडू दे," बुवा म्हणाले. "आज आपण दोघंच आहोत."