कोल्ह्याच्या घरचे टर्की

एका जंगलात एक कोल्हा राहत असे. जंगलातच राहणार बिचारा, गावात त्याला खोली कोण भाड्याने देणार? तर पोरांनो, या कोल्ह्याला कोंबड्या चोरण्याचा कंटाळा आला. एक तर धावपळ फार, वर कुत्र्यांची बोलणी खायची. एके दिवशी तो बायकोला म्हणाला, "अगं, आपण घरीच टर्की पाळू. एक टर्की म्हणजे चार कोंबड्यांचा ऐवज! माघात जत्रेला कापू आणि तुझ्या भावाला जेवायला बोलावू." कोल्हिणीचा मानलेला भाऊ म्हणजे लांडगा. मेहुणा लांडगा असला की काय होतं, ते तुमच्या वडिलांना विचारा; आईसमोर मात्र विचारू नका.

कोल्ह्याने कुठूनशी टर्कीची सात पिल्लं आणली. सातही नर निघाले. कुठून आणली ते विचारू नये, कोल्ह्याकडे पावती नसते. त्याने बिळापुढे काट्यांचं कुंपण घातलं, मक्याचा भरडा आणि चिरलेली कांद्याची पात मांडली आणि मिशांना पीळ देत बसला. पण पिल्लं आपली भरड्यात पाय देऊन उभी! टर्कीचं पिल्लू इतकं भोळं, की समोर आहे ते खायचं असतं, हेसुद्धा त्याला कुणीतरी खाऊन दाखवावं लागतं. तुमच्यातही असे दोन-चार आहेत, मी नावं घेत नाही.

"आता यांना दाखवणार कोण?" कोल्हा म्हणाला.

"पाळले कुणी?" कोल्हीण म्हणाली.

मग काय करतो! नाक खाली घालून कोल्हा टुकटुक भरडा टिपू लागला. त्याबरोबर सातही पिल्लं भरड्यावर तुटून पडली. तो थांबला की ती थांबत. म्हणून तो थांबेचना. सकाळी दोनदा, दुपारी दोनदा, दिवेलागणीला परत एकदा. श्रावण गेला, दिवाळी गेली. टर्की वाढले, पण त्यांच्यापेक्षा कोल्हा वाढला. गळ्याला वळ्या पडल्या, पोट जमिनीला टेकलं.

"अहो, आपण नक्की पोसतोय कुणाला?" कोल्हीण विचारी.

"गप्प बस. जत्रेला कळेल."

टर्कींना तर तोच आई वाटे. तो जाईल तिकडे सातही जण ओळीने मागे. त्यांना एक खोडही होती. कुठे मोठा आवाज झाला, की सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं. कोल्हा नुसता शिंकला तरी, "गुडूगुडूगुडू!"

जत्रेचा दिवस उजाडला. कोल्हिणीने मसाला वाटला, सुरीला धार लावली. लांडगा आला आणि दारातच थबकला. "दाजी! ओळखलंच नाही की तुम्हाला!" मग त्याने टर्कींकडे पाहिलं, पुन्हा कोल्ह्याकडे पाहिलं. "ताई, ते टर्की राहू देत. नुसता पिसांचा पसारा. दाजीच चांगले तयार झालेत."

"मेहुण्यांची थट्टा म्हणजे काय, विचारूच नका," कोल्हा हसला.

लांडगाही हसला. फक्त त्याच्या हसण्यात दात जरा जास्त दिसत होते. "थट्टा कसली? बघू, ती मांडी जरा इकडे करा." त्याने मांडी चाचपली आणि ओठांवरून जीभ फिरवली. कोल्ह्याला घाम फुटला. पळावं म्हटलं तर पोट उचलेना. "मेलो! अगं आई गं!" तो ठणाणा ओरडला.

झालं! "गुडूगुडूगुडू!" सात शेपट्यांचे सात पंखे झाले, सात लाल गळे फुगले आणि आईचा आवाज ऐकून सातही टर्की थेट लांडग्यावर चालून आले. लांडग्याने शेळ्या पाहिल्या होत्या, मेंढ्या पाहिल्या होत्या. असलं काही बापजन्मी पाहिलं नव्हतं.

"ताई, हे काय गं?"

"भाचे तुझे! मामाच्या पाया पडायला आलेत!"

"आवर यांना!" लांडगा किंचाळला. पण तो जितक्या जोरात किंचाळे, त्याच्या दुप्पट जोरात भाचे उत्तर देत. शेवटी त्याने कुंपणावरून उडी मारली, शेपटीचे केस काट्यांना अडकवले आणि डोंगरापलीकडे पसार झाला.

कोल्हीण सुरी घेऊन पुढे आली. "मसाला वाटून तयार आहे. बोला, यातला कोणता?"

कोल्ह्याने पहिल्याकडे पाहिलं. दुसऱ्याकडे पाहिलं. सातव्यापर्यंत जाईस्तोवर त्याचे डोळे भरून आले. "वांगी आहेत का घरात?" तो म्हणाला. "वांगी घाल त्यात." हे ऐकून कोल्हीण इतकी खदखदून हसली, की सातही टर्कींनी तिलासुद्धा उत्तर दिलं.

तात्पर्य : ज्याला कापून खायचं आहे, त्याच्या पंगतीला बसू नये, आणि बसलातच, तर वांगी गोड मानून घ्यावीत.