सात दारांआडची भूक

"बाबा, आठवं दार लावलं तर पुरेल ना?"

गजेंद्रने विचारलं तेव्हा फकीर जळक्या पेट्रोल पंपाच्या ओट्यावर शेकोटी पेटवून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

ही गोष्ट 'उजाड' नावाच्या ऑनलाइन खेळातली. जग बेचिराख झालंय आणि उरलेल्यांनी कसंबसं जगून दाखवायचं, एवढाच खेळ. माणसं आपापल्या घरी संगणकापुढे बसून त्यात वावरतात, हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. मेख एकच आहे. तुम्ही संगणक बंद करून उठलात, तरी खेळातलं तुमचं शरीर तिथेच झोपून राहतं. मग कोणीही यावं, गळा चिरावा आणि सामान घेऊन जावं.

फकीर हे त्या म्हाताऱ्याचं खेळातलं नाव. खरा कोण, कुठला, कोणाला ठाऊक नव्हतं. आवाज सत्तरीतला, मधूनच खोकला. त्याने कधी कोणाला मारलं नव्हतं आणि त्यालाही कोणी मारलं नव्हतं. नवखी माणसं त्याच्याकडे सल्ला मागायला येत.

गजेंद्र ठोंबरे स्वतःला नवखा मानत नव्हता. बार्शीच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा हा गडी, तीन महिन्यांत त्याने टेकडीवर घर बांधलं, कोठार धान्य-मांस-औषधांनी भरलं आणि एकाआड एक अशी सात लोखंडी दारं बसवली. प्रत्येक दाराला गुप्त आकडा. भेटेल त्याला तो ही दारं रंगवून सांगायचा.

पण आता त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. सोलापूरच्या इस्पितळात चार दिवस. म्हणजे इकडे चार दिवस शरीर झोपलेलं. तेवढ्यात कोणी मारलं, तर पुन्हा समुद्रकाठी उघड्या अंगाने पहिल्यापासून सुरुवात. ऑपरेशनपेक्षा त्याला याचीच धास्ती होती. हे बायकोला सांगायचं नाही, एवढी अक्कल मात्र त्याला होती.

"सात दारं आणलीस कुठून?" फकीराने विचारलं.

सहा आपण घडवली, गजेंद्र म्हणाला. सातवं टेकडीच्या पायथ्याच्या झोपडीचं. तिथे टिटवी नावाची एक नवखी खेळाडू राहायची. ती घरात नसताना त्याने झोपडी फोडली, होतं नव्हतं ते उचललं आणि दारही काढून आणलं. खेळच आहे बाबा, त्यात काय, असं तो वर म्हणाला.

"हूं... आकडे कोणाला ठाऊक आहेत?"

"कोणालाच नाही."

"मग चार दिवस तुला जेवू कोण घालणार?"

गजेंद्र हसला. झोपलेल्याला कसली आलीय भूक?

फकीर उठला. पंपामागच्या लोखंडी खोलीपाशी गेला आणि दार लोटलं. आत छतापर्यंत धान्याची पोती रचलेली. पोत्यांच्या मधोमध माणसाचा सांगाडा, कुशीवर निजलेला. हाडांवर कुठे घावाची खूण नाही.

"हा कोण, बाबा?"

"मीच की. पहिला."

गजेंद्र वाकून सांगाडा न्याहाळू लागला.

"पाच दारं होती," फकीर म्हणाला. "एकही फुटलं नाही..."

तेव्हा गजेंद्रच्या डोक्यात प्रकाश पडला. या खेळात झोपलेल्या शरीरालाही भूक लागते, आणि तिसऱ्या दिवशी ते मरतं. तो एका रात्रीहून जास्त कधी गैरहजर राहिला नव्हता, म्हणून हे त्याला कळलंच नव्हतं. त्याने लगेच आकडे फकीरालाच देऊ केले.

"मला नकोत. टिटवीला दे."

"तिला? बाबा, मी तिचं घर फोडलंय."

"ठाऊक आहे..."

एक दिवस त्याने काढला तळमळत. दुसरा भरवशाचा माणूस आठवून पाहिला, तर एकही आठवेना. शेवटी सोलापूरला निघायच्या दुपारी, बायको पिशव्या घेऊन दारात उभी असताना, त्याने टिटवीला गाठलं आणि सातही आकडे एका दमात सांगून टाकले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बरं," एका पोक्त बाईचा आवाज आला. एवढंच.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी जेवायची परवानगी मिळाली, तेव्हा बायको औषधांच्या रांगेत होती आणि त्याच्या हाताला सलाईन. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको न बोलावता उठली आणि आपल्या डब्यातला मऊ भात तिने त्याला चमच्याने भरवला. गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. टाके दुखतात, असं त्याने तिला सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी घरी येताच तो पोट धरून संगणकापुढे बसला.

तो जिवंत होता.

अंगावर कातड्याचं पांघरूण होतं. चूल पेटलेली, वर पेजेचं भांडं. कोठारातलं फक्त त्याला भरवलेलं तेवढंच कमी झालेलं. सातही दारं बंद, टिटवीच्या झोपडीवरून आणलेलं सातवंसुद्धा. उशाशी एक पाटी होती, तिच्यावर लिहिलं होतं : 'परवा तुमच्या अंगात ताप होता. पाला उकळून पाजला. आता उतरला आहे. टिटवी.'

त्याने ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. एवढे उपकार आपल्यावर आजवर कोणी केले नाहीत, असं त्याला वाटलं. मग इस्पितळातली ती बाई आठवली, पाठोपाठ आणखी कितीतरी माणसं आठवली, आणि आपण कोणाचेच कधी धड आभारसुद्धा मानले नाहीत याची त्याला लाज वाटली. ज्या दारांची एवढी फुशारकी मारली, त्यांची आता त्याला आठवणही नको झाली.

तो धावत पंपावर गेला. फकीराला सगळं सांगितलं.

"त्या माउलीने मला जगवलं, बाबा. तिला काय देऊ? धान्य देतो, औषधं देतो, बंदूक देतो. म्हणाल ते देतो."

फकीराने शेकोटीत एक काटकी सारली.

"ती निजते कुठे रे?"