गौराक्काचा चर

एका डोंगरउतारावर एक गाव होतं आणि त्या उताराच्या अगदी शेवटी एका विणकरणीचं घर होतं. तिचं नाव गौराक्का. एकटीच राहायची, हातमागावर लुगडी विणायची. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा, अशी तिची दिवसभराची बैठक.

पावसाळा आला की मात्र त्या खड्ड्याची विहीर व्हायची.

त्याचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. वरच्या प्रत्येक घराने आपल्या अंगणात मातीचा एकेक बांध घातला होता. कुंभाराने आपल्या दारातलं पाणी सुताराकडे ढकललं, सुताराने गुरवाकडे, गुरवाने आणखी खाली. “आपल्या दारातून गेलं ना, मग कुठंही जाईना का!” असं जो तो म्हणायचा. सगळ्यांनी ढकललेलं ते पाणी शेवटी गौराक्काच्या उंबऱ्यावरून आत शिरायचं. विणत आणलेलं लुगडं मातकट व्हायचं, सूत कुजायचं, आणि ती बिचारी तांब्या-तांब्याने खड्डा उपसत बसायची.

एका वर्षी ती चिडलीच. “सगळ्यांनी बांध घातले, मग मीच काय पाप केलंय?” असं म्हणून तिने दारापुढे कंबरभर बांध घातला. पुढच्या पावसात घरात थेंबसुद्धा आला नाही. गौराक्का दिवसभर गाणं गुणगुणत विणत राहिली.

उघडीप झाल्यावर ती बाहेर आली, तर शेजारचा मलकाप्पा तेली अंगणात पोती उलटी करत होता. घाण्यासाठी साठवलेले त्याचे तीळ भिजून टम्म फुगले होते. तो लगेच कामाला लागला आणि आठवड्याभरात त्याने आपला बांध तिच्या बांधाहून उंच केला.

मग जो पाऊस आला, त्याने तिचा बांधही फोडला आणि पाण्याबरोबर बांधाची सगळी माती नेऊन मागाच्या खड्ड्यात भरली.

कुंभार वरून बघत होता. म्हणाला, “अगं, त्याच्यापेक्षा हातभर उंच घाल. खमकेपणा दाखव!”

गौराक्काने बांध पुन्हा उभारला. आणखी उंच करायला फावडं उचललं आणि तिथेच थांबली. मी उंच करणार, मग तो करणार, मग पुन्हा मी. पण पाणी? ते कुठं जाणार? ते कोणत्या वाटेनं जातं, हे एवढ्या वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं.

पुढची सर आली तेव्हा सगळ्यांनी दारं लावली. गौराक्काने डोक्यावर इरलं घेतलं, सुपात भाताचा कोंडा घेतला आणि ती भर पावसात उतारावर चढली. मूठमूठ कोंडा पाण्यात सोडत ती त्याच्यामागून चालत खाली आली. कोंडा वाहत, वळत, अडखळत आला आणि तिच्या व तेल्याच्या घरामधल्या बोळाच्या तोंडाशी गोल गोल फिरू लागला. बोळाच्या पलीकडे ओढा होता. मधे फक्त मुरमाचा एक उंचवटा आडवा पडलेला.

“अस्सं!” गौराक्का म्हणाली. “पाण्याला माझ्या घरात यायचंच नाहीये. त्याला ओढ्यावर जायचंय!”

पण अर्धा बोळ तेल्याचा. ती तशीच ओल्या अंगाने त्याच्या दारात गेली.

“दादा, माझ्या बांधामुळं तुमचे तीळ भिजले. माझं चुकलं.”

मलकाप्पा बैलामागून घाण्याभोवती फिरत राहिला. “आता चुकलं म्हणून तीळ वाळणार आहेत का, अक्का?”

“ते नाही वाळायचे. पण इथून पुढचे कोरडे राहतील. बोळातून चर काढू या, थेट ओढ्यापर्यंत.”

“आणि मी नाही म्हणालो तर?”

“तरी मी माझा बांध मोडणार. माझ्यामुळं तुमच्या घरात पाणी नको.”

ती बाहेर पडली आणि खरोखरच बांधावर फावडं घालू लागली. मलकाप्पाने बैल थांबवला. मग तो आत जाऊन कुदळ घेऊन आला.

दोघांनी वीस दिवस खोदलं. गौराक्काने खुंट्यांना सूत ताणून बांधलं आणि चराचा तळ दर दहा हातांना चार बोटं खाली जातोय ना, ते त्या सुतावरून मोजलं. तळाला दगड बसवले. वळचणीचं पाणीही चरातच पडावं म्हणून बांबू चिरून पन्हळी लावल्या. गाव हसत होतं. “पाणी अडवायचं सोडून ही बाई त्याला पायघड्या घालतेय!”

भाद्रपदात आभाळ फाटलं. वरचे बांध एकामागून एक फुटले आणि सगळं पाणी लोंढ्याने खाली आलं. चर काठोकाठ भरला. एवढ्यात वाहून आलेली बाभळीची फांदी बोळाच्या तोंडात अडकली आणि पाणी तेल्याच्या पायरीवर चढू लागलं.

गौराक्का चरात उतरली. “दादा, धावा!” मलकाप्पाने उडीच टाकली. काटे हातात रुतत होते, पाणी पायांना ओढत होतं. “एक, दोन, हय्या!” फांदी सुटली आणि पाणी गर्जना करत ओढ्याकडे धावलं.

गौराक्का घरात आली. खड्ड्यात वाकून तिने तळाला हात लावला. हाताला कोरडी धूळ लागली. ती मोठ्याने हसली, धोटा उचलला आणि विणायला बसली. शेजारी तेल्याचा घाणा कुरकुरू लागला.

वरच्या आळीत मात्र घराघरांत गुडघाभर चिखल होता. पाऊस थांबल्यावर कुंभार, सुतार आणि गुरव खाली आले. काठाकाठाने चालत ओढ्यापर्यंत चर बघून आले. शेवटी कुंभाराने मान खाली घालून विचारलं, “अक्का, आम्हीही बांध काढून चर खणतो. आमचं पाणी तुझ्या चरात सोडलं तर चालेल का?”

गौराक्का म्हणाली, “आजवर न विचारता माझ्या घरात सोडत होतात. आज विचारून चरात सोडताय. खुशाल सोडा!”

तात्पर्य एवढंच: शेजाऱ्याच्या दारात ढकललेलं संकट फिरून आपल्याच दारी येतं, पण दोघांनी मिळून त्याला वाट करून दिली, तर ते दोन्ही दारांवरून निघून जातं.