पाळण्याचा दोर

सुनेत्राबाई अभियांत्रिकी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायच्या. घरी पाच महिन्यांची लेक सासूबाईंपाशी, इकडे टेबलावर फोन, आणि जीव सगळा त्या फोनात. अर्धं सूत्र फळ्यावर लिहून त्या फोनकडे बघायच्या. उरलेलं अर्धं मुलंच सांगायची.

एकदा त्या अशाच धास्तावून फोनकडे बघत असताना विभागप्रमुख दंडगे सर भर वर्गात शिरले. "मॅडम, इंजिनिअरला खात्री लागते, धास्ती नव्हे! घाबरट माणसाकडून पोरं काय शिकणार? पुढच्या सत्रात तुमचे तास दुसऱ्याला देतो."

सुनेत्राबाईंना आधी वाटलं, खरंच आहे की, घाबरट तर मी आहेच. पण हे तास त्यांना जिवापाड हवे होते. त्यांनी विचारलं, "सर, सहा किलोंचं बाळ पाळण्यात घालायचंय. दोर किती किलो पेलणारा आणू?"

"निदान साठ!"

"बाळ तर सहाच किलोंचं. एवढा जाड कशाला?"

"अहो, तुटला तर? तान्हं बाळ आहे ते!" सर ओरडलेच.

"हीच ती धास्ती, सर. पुलाच्या हिशोबात गरजेच्या कितीतरी पट मजबुती धरताना आपण तिला सुरक्षा गुणांक म्हणतो आणि पोरांकडून पाठ करून घेतो."

वर्गात हशा पिकला. सरांनी चष्मा काढून पुसला. "हे तास तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत वळले आणि हळूच पुटपुटले, "रविवारी नातीचं बारसं आहे. साठचा पुरेल ना हो?"